तीळतेलाची साक्ष

परीक्षानळीत थोडं वितळवलेलं तूप घ्यायचं. तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल त्यात ओतायचं, फरफुरालच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाकायचे, बूच लावून नळी जोरजोरात हलवायची आणि स्टँडमध्ये उभी करून ठेवायची. हळूहळू तूप वर येतं, आम्ल खाली बसतं. खालच्या थराला लालसर गुलाबी रंग चढला, तर तुपात वनस्पती तुपाची भेसळ आहे असं समजायचं. बारावीच्या प्रकल्पवहीत ही बाउडोइन चाचणी अनेकांनी लिहिली असेल. मीही लिहिली होती, आणि नळीत तो रंग उमटला तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

एक गोष्ट मात्र त्या वहीत नव्हती. ती मला पुष्कळ नंतर कळली. तो लाल रंग वनस्पती तुपाचा नसतोच, तो तिळाच्या तेलाचा असतो. भारतात वनस्पती तूप बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्यावर कायद्याची सक्ती होती, की मालात किमान 5 टक्के तीळतेल असलंच पाहिजे. ते चवीसाठी घालत नसत, साक्षीदार म्हणून घालत. कोणी साजूक तुपात वनस्पती मिसळलं, तर त्याच्याबरोबर तीळतेलही तुपात जाणार, आणि अन्न निरीक्षकाने नेलेल्या नमुन्यात ते बोलून दाखवणार.

इतकी साधी आणि इतकी पक्की युक्ती मला अन्नाच्या कायद्यांमध्ये दुसरी माहीत नाही. तरी तिच्याविषयी विचार करताना एक प्रश्न मनातून जात नाही, आणि इथे मला तोच सावकाश उलगडून पाहायचा आहे. तुपात वनस्पती आहे का, हे कायद्याने एवढ्या बारकाईने पाहिलं. खुद्द वनस्पतीच्या सीलबंद डब्यात जे होतं, ते खाणाऱ्याच्या अंगी लागतं की त्याच्या मुळावर येतं, हे त्याने किती पाहिलं?

त्यासाठी आधी डब्यात काय होतं ते बघू. तेल पातळ का असतं आणि तूप का गोठतं, याचं कारण त्यांच्या रेणूंच्या आकारात आहे. तेलाचे रेणू म्हणजे जागोजाग वाकलेल्या काटक्या. वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, त्या एकमेकींवरून घसरत राहतात; म्हणून तेल वाहतं. सरळ काटक्या मात्र एकमेकींना चिकटून बसतात आणि मोळी आवळली जाते. म्हणून तूप गोठतं. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1902 साली तेलाच्या काटक्या सरळ करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तापलेल्या तेलात निकेलची बारीक पूड घालून त्यातून हायड्रोजन वायू सोडायचा. सगळ्या वाकड्या जागा भरून निघाल्या तर तेल मेणासारखं टणक होतं आणि ते स्वयंपाकाला निरुपयोगी. म्हणून कारखाने ही क्रिया अर्ध्यावर थांबवत. तुपासारखा मऊ, रवाळ गोळा तेव्हाच मिळतो. पण अर्ध्यावर थांबवताना काही काटक्या अशा उरतात, की त्यांची वाकडी जागा भरलेली नसते, फक्त पीळ पडून ती सरळ झालेली असते. निसर्गात असे रेणू गाई-म्हशींच्या दुधातुपात थोडे सापडतात; वनस्पती तेलात जवळजवळ नाहीतच. या पीळ पडलेल्या काटक्यांचं नाव ट्रान्स फॅट.

अमेरिकेत 1911 साली सरकीच्या तेलापासून केलेलं क्रिस्को बाजारात आलं. आपल्याकडे लिव्हर ब्रदर्सने 1931 साली हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली, मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला, आणि 1937 साली डालडा हे नाव आलं. दादा हे एका डच कंपनीचं नाव. त्यात लिव्हरचा ल मिसळून हा शब्द झाला. पुढे तो इतका रुळला की कोणत्याही कंपनीच्या वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. पिवळ्या डब्यावरचं ते ताडाचं झाड आमच्या घरात तूप संपल्यावरही वर्षानुवर्षं राहिलं, कारण रिकाम्या डब्यात आई तुळस नाहीतर कोथिंबीर लावायची.

हे सांगण्याचं कारण असं की वनस्पती तुपाकडे आज मागे वळून पाहताना ते कोणीतरी फसवून आपल्या गळी उतरवलं असं वाटू शकतं. तसं ते नव्हतं. साजूक तूप परवडत नसलेल्या घरात ज्या दिवशी करंजीला मोहन घालता आलं, त्या दिवशी त्या घराला दिवाळी आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप घेऊन आम्ही बेकरीत जायचो. तिथे ते फेसायचं, गोळे करून पत्र्यावर मांडायचे, भट्टीवाला आपला नंबर लावायचा आणि संध्याकाळी पत्र्याचा डबाभर नानकटाई घरी यायची. तिचा खुसखुशीतपणा या तुपामुळेच होता. गरिबाला श्रीमंताच्या ताटातला पदार्थ मिळवून देणारी ही गोष्ट होती, आणि म्हणूनच तिच्यात काय आहे हे पाहण्याची जबाबदारी मोठी होती.

कायद्याने ती कशी पाहिली? आपला अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा 1954 चा. त्याच्या नावातच त्याचा प्रश्न आहे. जे विकतोस ते खरं आहे का? दुधात पाणी आहे का, हळदीत पिवळा रंग आहे का, तूरडाळीत लाखेची डाळ आहे का? हा प्रश्न आपण एकट्यानेच विचारला असं नाही. अन्नाचे कायदे जगभर याच प्रश्नातून जन्मले, आणि त्याला तशीच कारणं होती. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड इथे 1858 साली पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे 20 जणं मेली. साखर महाग म्हणून मिठाईवाला तिच्यात स्वस्त पांढरी पूड मिसळायचा, आणि त्या दिवशी औषधाच्या दुकानातून त्या पुडीऐवजी चुकून सोमल दिला गेला. दोनच वर्षांनी तिथे भेसळीविरुद्धचा कायदा झाला. अमेरिकेत तसा राष्ट्रीय कायदा 1906 साली आला. माणसं रस्त्यावर कोसळत होती, तेव्हा 'खरं आहे का' हा प्रश्न पहिला सुचावा यात नवल नाही.

वनस्पतीच्या बाबतीतही कायद्याला हाच घोर होता. तुपासारखं दिसणारं, तुपासारखं गोठणारं हे काहीतरी तुपाच्या नावाने विकलं जाईल. वनस्पतीला रंगच द्यावा, म्हणजे डोळ्यांनी ओळखता येईल, अशी मागणी स्वातंत्र्याच्या आगेमागे जोरात होती. पण कढईत टिकेल, कोणाला काढून टाकता येणार नाही आणि पोटाला बाधणार नाही असा रंग काही हाती लागेना. तीळतेल मात्र साक्षीला उभं राहिलं.

इथे कायद्यावर अन्याय नको. आरोग्याचा विचार त्याने अजिबात केला नाही असं नाही. वनस्पतीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये अ जीवनसत्त्वाची किमान 25 एककं घातलीच पाहिजेत, हाही नियम होता. रातांधळेपणा डोळ्यांसमोर होता, त्यावरचा उपाय माहीत होता, आणि गरिबाच्या घरी पोचणाऱ्या डब्यातून तो पोचवता येत होता. म्हणजे जे ठाऊक होतं त्याचा उपयोग त्या लोकांनी केला. त्याच नियमावलीत वनस्पती 31 ते 41 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळलं पाहिजे, असंही लिहिलं होतं. म्हणजे ते तुपासारखं वागलं पाहिजे. तुपासारखं वागायला लावणारी वस्तू होती ट्रान्स फॅट, आणि तिच्याविषयी नियमावली गप्प होती. तीळतेल किमान किती हे ठरलेलं, वितळण्याचं तापमान ठरलेलं, जीवनसत्त्व ठरलेलं. ज्याने पुढे हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबणार होत्या त्याला मात्र कसलीच मर्यादा नाही. प्रत्येक चाचणीला उतरलेला, शंभर टक्के शुद्ध डबा घराघरांत गेला.

खरं आणि चांगलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कायद्याला उमगायला जगभर फार वेळ लागला. इलिनॉय विद्यापीठातल्या फ्रेड कुमेरो यांनी 1957 साली माणसाच्या शरीरातल्या ऊतींमध्ये ट्रान्स फॅट साठतं असं दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. 1990 साली नेदरलँड्समध्ये मेन्सिंक आणि काटान यांनी माणसांना मोजून आहार देऊन पाहिला, तेव्हा कळलं की ट्रान्स फॅट रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. तुपालोण्यातली चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते हे ठाऊक होतं. एकाच वेळी दोन्हीकडून घाव घालणारी चरबी ही नवी होती. 1993 साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून हृदयविकाराशी तिचा संबंध पुढे आला. पुढच्या अभ्यासांची बेरीज सांगते, की दिवसभराच्या उष्मांकांपैकी दोन टक्के जरी ट्रान्स फॅटमधून आले तरी हृदयविकाराचा धोका सुमारे 23 टक्क्यांनी वाढतो. दोन हजार उष्मांक खाणाऱ्या माणसासाठी हे दोन टक्के म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. चहाचा एक चमचा भरेल, एवढंच.

आता हे ठाऊक झालं होतं. पुढे काय करायचं, यावर देशांच्या वाटा फुटल्या, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मर्म या फाट्यावर आहे.

अमेरिकेने ठरवलं, लोकांना सांगू. 1 जानेवारी 2006 पासून पाकिटावर ट्रान्स फॅटचं प्रमाण छापणं सक्तीचं झालं. वरवर पाहता यात खोट काढायला जागा नाही. माहिती द्या, माणूस शहाणा आहे, तो ठरवेल. पण नियमात एक ओळ होती. एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमहून कमी ट्रान्स फॅट असेल तर शून्य लिहायचं. आणि एक वाढणी म्हणजे किती, हे पाकिटावरच छापलेलं असतं. तीन बिस्किटांची एक वाढणी धरली आणि तिच्यात 0.4 ग्रॅम असलं, तर पाकीट 'शून्य' म्हणतं. चहाबरोबर पाकीट संपवणारा माणूस असे दहा शून्य खातो आणि त्यांची बेरीज चार ग्रॅम होते. वर आपण पाहिलेला चमचा जवळपास भरला, तोही एका शब्दाचं खोटं न बोलता.

त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. लेबल पाकिटावर असतं. ज्याला पाकीटच नाही त्याचं काय? हॉटेलातल्या तळणाला, बेकरीतल्या सुट्या मालाला, शाळेबाहेरच्या गाडीवरच्या वड्याला कुठे लेबल लावणार? न्यूयॉर्क शहराला हे उमगलं. डिसेंबर 2006 मध्ये तिथल्या आरोग्य मंडळाने उपाहारगृहांतल्या ट्रान्स फॅटवरच बंदी घातली आणि 2008 च्या मध्यापर्यंत ती पूर्ण अमलात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या काही जिल्ह्यांनी बंदी आणली, काहींनी नाही, त्यामुळे नंतर दोहोंची तुलना करता आली. तीन वर्षं उलटल्यावर बंदीच्या जिल्ह्यांत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण, दुसऱ्या जिल्ह्यांशी ताडून पाहता, सुमारे सहा टक्क्यांनी जास्त घटलेलं दिसलं.

डेन्मार्क मात्र त्या फाट्यावर घुटमळला नाही. तिथे स्टीन स्टेंडर नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकापासून या मागे लागले होते. त्यांनी मांडलेला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मार्गारीन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायची चरबी, बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःहून प्रमाण कमी केल्यामुळे देशातल्या माणसाच्या आहारातलं सरासरी ट्रान्स फॅट घसरलं होतं. सरासरी पाहणारा म्हणेल, काम झालं. पण सरासरी कोणी खात नाही. बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या, मायक्रोवेव्हमधले पॉपकॉर्न, केक आणि बिस्किटं यांवर ज्यांचा दिवस निघतो, अशा माणसाच्या पोटात तेव्हाही दिवसाला वीस ग्रॅमहून अधिक ट्रान्स फॅट जाऊ शकत होतं. असं खाणारे कोण? तरुण, एकटे राहणारे, घाईत असणारे, हातात पैसे कमी असणारे. लेबलं वाचायची सवयही याच लोकांना कमी. म्हणजे माहिती देणारा कायदा ज्यांना आधीच कळतं त्यांना आणखी कळवतो, आणि ज्यांना गरज आहे ते तसेच राहतात.

मार्च 2003 मध्ये डेन्मार्कने आदेश काढला. अन्नातल्या चरबीच्या 100 ग्रॅममध्ये कारखान्यात तयार झालेलं ट्रान्स फॅट 2 ग्रॅमहून जास्त असता कामा नये. पाकिटात असो, हॉटेलात असो की बेकरीत. दुधातुपातल्या नैसर्गिक ट्रान्स फॅटला तो लागू नव्हता. जगातला हा असा पहिला कायदा. युरोपीय आयोगाने सुरुवातीला त्याला हरकत घेतली, कारण एका देशाची मर्यादा म्हणजे बाकीच्या देशांच्या मालाला अडसर. 2007 साली आयोगाने ती हरकत मागे घेतली. 2021 च्या एप्रिलपासून तीच मर्यादा सगळ्या युरोपीय संघाला लागू आहे.

स्टेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात आणखी एक काम केलं. त्यांनी अनेक देशांत जाऊन एकसारखंच जेवण विकत घेतलं, जगभर दुकानं असलेल्या साखळ्यांमधलं, तळलेल्या कोंबडीचे तुकडे आणि बटाट्याच्या काचऱ्या. पदार्थ तोच, खोक्यावरचं चित्र तेच. प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा एकाच साखळीच्या डेन्मार्कमधल्या जेवणात ट्रान्स फॅट एक ग्रॅमहून कमी होतं, आणि न्यूयॉर्कमधल्या जेवणात सुमारे दहा ग्रॅम. हे निष्कर्ष 2006 मध्ये, न्यूयॉर्कची बंदी अमलात येण्याआधी, प्रसिद्ध झाले. मला वाटतं, वेगवेगळ्या देशांतले कायदे अन्नाला कसे घडवतात हे याहून स्वच्छ कुठेच दिसत नाही. खाणाऱ्यांची जीभ वेगळी नव्हती, संस्कृती वेगळी नव्हती, कंपनीही वेगळी नव्हती. कढईतलं तेल वेगळं होतं. डेन्मार्कमधल्या मुलाने काही वाचलं नव्हतं, काही ठरवलं नव्हतं, चवीतही त्याला फरक जाणवला नसणार. तरी त्याच्या पुढ्यातल्या खोक्यातलं विष काढून घेतलेलं होतं, ते खोकं त्याच्या हातात येण्याच्या खूप आधी. त्या कायद्यानंतरच्या तीन वर्षांत डेन्मार्कमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू, कायदा झाला नसता तर जेवढे झाले असते त्या अंदाजापेक्षा, वर्षाला लाखामागे सुमारे 14 ने कमी झाले असं पुढे अर्थशास्त्रज्ञांनी काढलं.

कुमेरो यांनी अमेरिकेत 2009 साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ट्रान्स फॅटवर बंदी घालावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. उत्तर आलं नाही, तेव्हा 2013 मध्ये ते न्यायालयात गेले. 2015 मध्ये अमेरिकेने अर्धवट हायड्रोजनयुक्त तेलं सुरक्षित मानता येणार नाहीत असा निर्णय दिला. त्याच्या अंमलबजावणीची मुदत 2018 होती. 2017 मध्ये कुमेरो गेले, एकशे दोन वर्षांचे होऊन. निबंध आणि निर्णय यांच्यात 58 वर्षांचं अंतर.

आणि आपण? 2006 साली आपल्याकडे नवा कायदा झाला. त्याच्या नावातून भेसळ हा शब्द जाऊन अन्नसुरक्षा आणि मानके हे शब्द आले. हा बदल केवळ शब्दांचा नव्हता, पण प्रश्न बदलायला वेळ लागला. 2009 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातली वनस्पती तुपं तपासली, तेव्हा त्यांत डेन्मार्कच्या मर्यादेच्या पाच ते बारा पट ट्रान्स फॅट निघालं. तेव्हा आपल्याकडे त्यासाठी मर्यादाच नव्हती, त्यामुळे कोणाचा नियमभंगही नव्हता. 2011 मध्ये 10 टक्क्यांची मर्यादा आली, मग 5, जानेवारी 2021 पासून 3, आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के. ती फक्त डब्याला लागू नाही. तेलतूप वापरून केलेल्या सगळ्या पदार्थांना लागू आहे, म्हणजे कागदावर तरी कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या खारीलाही. भारताने इथे लेबलाच्या वाटेवर न थांबता डेन्मार्कची वाट धरली, याचं मला मनापासून समाधान वाटतं. मोठा देश, लाखो छोटे कारागीर, बहुतेक माल सुटा. आपल्यासाठी दुसरी वाट नव्हतीच.

पण मग ही मर्यादा पाळली जाते का, हे कसं पाहायचं? ट्रान्स फॅटला रंग नाही, वास नाही. परीक्षानळीत त्याच्यासाठी कोणी साक्षीला उभं राहत नाही. ते मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफचं यंत्र लागतं, ते चालवणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि एकेका नमुन्याला वेळ लागतो. प्रत्येक बेकरीच्या खारीचा नमुना घेऊन हे करायचं म्हटलं तर अन्न व औषध प्रशासनाचे आहेत तेवढे निरीक्षक जन्मभर पुरणार नाहीत. त्याची गरजही नाही. बेकरीवाला ट्रान्स फॅट बनवत नाही. तो पंधरा किलोचा डबा विकत आणतो. ते तयार होतं तेलाच्या कारखान्यात, आणि असे कारखाने मोजता येण्याइतके आहेत. तिथे निकेल आणि हायड्रोजनच्या टाकीशी मर्यादा पाळली गेली, की तिथून निघणारा प्रत्येक डबा, त्या डब्यातून होणारी प्रत्येक खारी, टोस्ट, नानकटाई आपोआप बदलते. ओढ्याचं पाणी उगमाशी स्वच्छ केलं तर काठच्या प्रत्येक घरात फडकं आणि तुरटी वाटावी लागत नाही.

आयोडीनयुक्त मिठाची गोष्ट याच जातीची आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात 1950 च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांना आयोडीन घातलेलं मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. लोकांना काही शिकवावं लागलं नाही, त्यांनी भाजीत मीठ घालायचं तसं घातलं. अन्नाच्या ज्या नियमांनी खरोखर माणसं वाचवली, त्यांतले पुष्कळसे खाणाऱ्याला कळलेच नाहीत.

सगळ्याच दुखण्यांना हा उपाय लागू नाही, हे मान्य केलं पाहिजे. ट्रान्स फॅट कोणालाच लागत नाही, म्हणून ते काढून टाकता येतं. साखर आणि मीठ काढून टाकता येत नाही. तिथे प्रश्न किती एवढाच आहे. पण तिथेही ज्या देशांना यश आलं, त्यांचा डोळा बनवणाऱ्यावरच होता असं दिसतं. ब्रिटनने मार्च 2016 मध्ये गोड पेयांवर कर जाहीर केला आणि लागू केला एप्रिल 2018 मध्ये. मधली दोन वर्षं मुद्दाम ठेवलेली होती. 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमहून कमी साखर असेल तर कर नाही, 8 ग्रॅमच्या वर गेली तर जास्त कर. कंपन्यांनी ती दोन वर्षं आपापल्या कृती बदलण्यात घालवली. कर सुरू होण्याआधीच निम्म्याहून जास्त उत्पादकांनी साखर कमी केली होती. सरकारच्या हिशेबाने वर्षाला साडेचार कोटी किलो. सरकारला त्यातून महसूल कमी मिळाला, आणि कराचा हेतू तोच होता.

चिलीची वाट लेबलाची, पण तिथलं लेबल वेगळ्या स्वभावाचं आहे. जून 2016 पासून तिथे जास्त साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा उष्मांक असलेल्या पाकिटावर काळा अष्टकोन छापावा लागतो, एका दोषाला एक. आकडे नाहीत, वाढणीचा हिशेब नाही. सहा वर्षांचं मूलही आईला म्हणू शकतं, याच्यावर दोन काळे आहेत. असे अष्टकोन असलेला माल शाळेत विकायला बंदी आहे, आणि नाश्त्याच्या खोक्यांवरून मुलांना भुलवणारी कार्टून चित्रंही गेली. आपला अष्टकोन जावा म्हणून कंपन्यांनी कितीतरी पदार्थांतली साखर आणि मीठ कमी केलं. लेबल खाणाऱ्याने वाचावं म्हणून होतं. त्याला सगळ्यात आधी बनवणारे घाबरले.

एक काळजी उरते, तीही इथेच मांडतो. ट्रान्स फॅट गेलं तेव्हा त्याच्या जागी बहुतेक ठिकाणी पामतेल आणि त्याचे घट्ट भाग आले. ते ट्रान्स फॅटपेक्षा बरे, पण शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलाची सर त्यांना नाही. 2 टक्क्यांची मर्यादा जागेवर काय आलं हे विचारत नाही. एकच तेल दिवसभर, कधी दोन-दोन दिवस कढईत उकळत राहतं, त्याच्यासाठी 2018 पासून वेगळा नियम आहे: तापून तापून तेलात तयार होणारे ध्रुवीय घटक 25 टक्क्यांपुढे गेले की ते तळणीला वापरायचं नाही. हा नियम उगमाशी पाळता येत नाही, कारण ते तेल खराब होतं कढईतच. इथे प्रत्येक हलवायाकडे, प्रत्येक गाडीपाशी जावं लागतं. ज्या धोक्याचा कारखाना एकच असतो तो कायद्याला सोपा, आणि जो हजार कढयांत जन्मतो तो अवघड. असं तेल गोळा करून त्याचं जैवइंधन करण्याची योजना त्याच वर्षी सुरू झाली, आणि ती मला शहाणपणाची वाटते. टाकून देण्याच्या तेलाला पैसे मिळाले तरच गरीब हलवाई ते टाकील. चारशे रुपयांचं तेल गटारात ओत असं त्याला नुसतं सांगणं म्हणजे त्याच्या पोराबाळांच्या तोंडातलं काढून घेण्यासारखं आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी गावी गेलो होतो. सुट्टीत आम्ही नानकटाई भाजून आणायचो ती बेकरी अजून आहे. भट्टी लाकडांची होती, ती आता डिझेलवर चालते. ट्रान्स फॅटचं नाव काउंटरवरच्या मुलाने ऐकलेलं नव्हतं. डबा पूर्वीचाच येतो का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "कंपनी तीच हाय, पण मधे माल बदलला. पीठ जरा येगळं मळावं लागतंय आता. खारीला पदर सुटंना सुरवातीला, मग हात बसला." कधी बदलला हे त्याला नीट आठवेना. दोन-तीन वर्षं झाली असतील, म्हणाला.

मी पाव किलो खारी घेतली. त्याने ती पांढऱ्या कोऱ्या कागदात बांधून दिली.